धोक्याच्या घंटेचे विभाग: घर, गोदाम व बगीचा यांच्या राखणीचा एक पाठ

माल पिकविण्याचें काम जितकें कष्टाचें, तितकेंच तो विकला जाईपर्यंत राखण्याचें काम जोखमीचें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. कापूस वेंचून घरीं आला, तूर पोत्यांत भरली, संत्र्यांना रंग चढला, कीं शेतकऱ्याची झोंप कमी होते. या जोखमीवर उपाय म्हणून अलीकडे पुष्कळ बागाइतदारांनीं घरांत, गोदामांत व विहिरीवर विजेच्या धोक्याच्या घंटा बसविल्या आहेत. पैसा खर्च झाला, यंत्रेंहि चांगलीं मिळालीं. तरी कित्येकांचा अनुभव असा कीं, दोनतीन महिन्यांत घंटा बंद करून ठेविली जाते, व ती ज्या रात्रीं वाजावयास पाहिजे नेमकी त्याच रात्रीं मुकी असते. असें कां होतें, व तें होऊं नये म्हणून काय करावें, याचा विचार या पाठांत करावयाचा आहे. आमच्या मतें दोष बहुधा यंत्राचा नसतो, तर त्याच्या वांटणीचा असतो.

सदर येथील एक घर

नागपुरांत सदर भागांत आमच्या परिचयाचें एक कुटुंब राहतें. जमीन काटोल तालुक्यांत. कांहीं कोरडवाहू, कांहीं ओलित, व ओलितांत संत्र्याचा बगीचा. मुलांच्या शिक्षणासाठीं व बाजाराच्या सोईसाठीं बिऱ्हाड शहरांत. रस्त्याच्या बाजूस बीं-बियाणें व ठिबकाचें सामान यांचें दुकान; त्याच्या मागें लहानसा चौक; चौकापलीकडे गोदाम, त्यांत तूर व सोयाबीन यांचीं पोतीं आणि दुरुस्तीसाठीं शेतावरून आणलेल्या मोटरी; आणि वर माडीवर कुटुंब. या सर्व इमारतींत मिळून १० जागीं पाहरा करणारीं यंत्रें बसविलीं होतीं. परंतु त्या सर्वांवर हुकमत एकच. एक अंक दाबला कीं सारें घर जागें. तोच पुन्हां दाबला कीं सारें घर निजलेलें.

पहिल्या आठवड्यांतच अडचणी सुरू झाल्या. घरांतील आजी पहाटे ४ वाजतां पाणी तापविण्यासाठीं चौकांत उतरत. त्यांनीं जिन्याचें दार उघडलें कीं घंटा वाजे व शेजारीपाजारी खिडक्या उघडून पाहत. सकाळीं दिवाणजी दुकानाचें शटर उचलण्यास येत, तेव्हां माडीवरून कोणीतरी खालीं येऊन घंटा निजविल्याखेरीज त्यांस आंत पाऊल टाकतां येत नसे. रविवारीं दुकान बंद, गोदाम बंद. पण माडीवर माणसें वावरत असल्यामुळें दिवसभर घंटा लावण्याची सोयच नव्हती. एके पहाटे असाच गलका झाल्यावर आजी आपल्या मुलास म्हणाल्या, "अरे बाबू, मी आपल्याच घरांत चोर झालें कां रे?" मुलाजवळ त्यास उत्तर नव्हतें. त्या दिवसापासून रात्रीं घंटा लावणें बंद झालें.

पुढें माघांतील एका रात्रीं गोदामाचें मागचें दार उचकटून तुरीचीं पोतीं व दोन मोटरी चोरांनीं नेल्या. सकाळीं तपासणी केली तेव्हां दारावरील यंत्र शाबूत, तारा शाबूत, बॅटरी भरलेली. एकहि वस्तु बिघडलेली नव्हती. माडीवरील माणसांना मोकळेपणीं वावरतां यावें म्हणून त्यांच्याबरोबर गोदामालाहि निजविलें गेलें होतें, एवढाच काय तो दोष. पुष्कळ घरांची हीच कथा आहे. म्हणून ती येथें विस्तारानें सांगितली.

वाड्यानें शिकविलेला धडा

सदर हा शब्द आपल्यास दोन रीतींनीं ठाऊक आहे. छावणीच्या मुख्य बाजारास सदर बाजार म्हणत. आणि वाड्यांत ज्या ओसरीवर धनी बसून कारभार पाही तिलाहि सदर म्हणत. दोहोंचा अर्थ मुख्य जागा असाच. वाड्याची रचना आठवून पाहिली तर आपला प्रश्न पूर्वजांनीं कसा सोडविला होता तें दिसतें. दिंडी दरवाजा व त्याच्या आंतली देवडी पहारेकऱ्याच्या ताब्यांत; सदर कारकून व येणाऱ्याजाणाऱ्यांसाठीं दिवसभर उघडी; माजघर घरच्या बायकामाणसांचें; आणि कोठाराची किल्ली घरधनिणीच्या कमरेला. सदरेवर माणसांची गर्दी आहे म्हणून कोणी कोठाराचें कुलूप काढून ठेवीत नसे, व कोठारास कुलूप आहे म्हणून पाहुण्यास दिंडींत अडवून ठेवीत नसे. इमारत एक, पण किल्ल्या निराळ्या व त्या धरणारे हातहि निराळे.

विजेच्या घंटेचे विभाग पाडणें म्हणजे हीच व्यवस्था तारांत उतरविणें होय.

झोन व विभाग यांतील भेद

येथें दोन शब्दांचा घोटाळा होतो, तो प्रथम दूर करूं. यंत्राच्या मुख्य पेटीस निरनिराळ्या ठिकाणांहून तारा येतात. एका तारेवरील एक यंत्र, किंवा एकाच जागेचीं दोनतीन यंत्रें, मिळून जो भाग होतो त्यास कारागीर झोन म्हणतात. 'गोदामाचें मागचें दार' हा एक झोन. 'गच्चीचें दार' हा दुसरा. झोनचें काम वर्दी कोठून आली हें सांगणें. विभाग, ज्यास कारागीर पार्टिशन म्हणतात, ही निराळी गोष्ट. कांहीं झोन एकत्र करून त्यांना एकाच वेळीं जागें करावयाचें व एकाच वेळीं निजवावयाचें, असा गट म्हणजे विभाग. झोन सांगतो 'कोठें'. विभाग ठरवितो 'केव्हां व कोणाच्या हुकमानें'. सदर येथील घरांत झोन १० होते, पण विभाग एकच होता. दुकानदार मोठ्या अभिमानानें झोनांची संख्या सांगतो व गिऱ्हाईक ती ऐकून संतुष्ट होतें. विभाग किती पाडतां येतात हें कोणी विचारीत नाहीं.

या विद्येचा इतिहासहि याच क्रमानें घडला आहे. अमेरिकेंतील बोस्टन शहरांत १८५२ सालीं विल्यम चॅनिंग व मोझेस फार्मर यांच्या योजनेवरून आगीची वर्दी देणारी तारेची व्यवस्था सुरू झाली. ठिकठिकाणीं पेट्या बसविल्या होत्या. प्रत्येक पेटीस स्वतःचा अंक, व पेटीचा दांडा फिरवितांच तो अंक मुख्य कचेरींत कळे. आग लागली, एवढेंच न सांगतां अमक्या पेटीपाशीं लागली, हें सांगणारी ती घंटा होती. पुढच्याच वर्षीं, १८५३ मध्यें, बोस्टनजवळील सॉमरव्हिल येथील ऑगस्टस पोप यानें दारें-खिडक्यांना तारा जोडून विजेच्या चुंबकानें घंटा वाजविणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. ठिकाण सांगणें ही पहिली पायरी होय. ठिकाणागणिक निजविणें व जागविणें ही त्यावरची पायरी. आजच्या बहुतेक चांगल्या पेट्यांत ती सोय असते; ती वापरली जात नाहीं, एवढेंच.

विभाग कसे पाडावे

विभाग पाडतांना पुष्कळ लोक भिंतींकडे पाहतात. एक खोली एक विभाग, असें करतात. ही रीत चुकीची आहे. विभाग वहिवाटीवरून पाडावे. एक मोठा कागद घ्यावा, त्यावर दिवसरात्रीचे २४ तास आंखावे, व प्रत्येक जागेपुढें तेथें कोण, केव्हां व कशासाठीं जातो तें भरावें. नंतर तीन प्रश्न विचारावे. ही जागा कोणत्या वेळीं रिकामी असते? ती रिकामी असतांना शेजारची जागा वापरांत असते काय? आणि ती उघडण्याचा अधिकार कोणाला आहे? ज्या जागांचीं तिन्ही उत्तरें सारखीं, त्या एका विभागांत घालाव्या. ज्यांचीं निराळीं, त्या निराळ्या कराव्या. दोन खोल्यांमध्यें भिंत असूनहि विभाग एक असूं शकतो. व एकाच छपराखालीं तीन विभाग असूं शकतात.

सदर येथील घराचा कागद याप्रमाणें भरला, तेव्हां वांटणी आपोआप दिसूं लागली.

१. दुकान. शटर, कांचेची खिडकी व आंतली हालचाल, असे तीन झोन. सकाळीं ९ ते रात्रीं ८ निजलेलें, इतर वेळीं जागें. हुकमत दिवाणजींची व मालकाची.

२. गोदाम. पुढचें दार, मागचें दार व आंतली हालचाल, असे तीन झोन. हें उलट रीतीचें आहे. तें सदैव जागें. माल आंत-बाहेर करावयाचा तेवढा वेळच निजवावयाचें. हुकमत फक्त मालकाची व मोठ्या मुलाची.

३. माडी. जिन्याचें दार, गच्चीचें दार व दिवाणखान्यांतील हालचाल, असे तीन झोन. घरीं कोणी नसतांना तिन्ही जागे. रात्रीं माणसें आंत निजलेलीं असतांना दोन्ही दारें जागीं, पण हालचालीचें यंत्र निजलेलें. म्हणजे पाणी पिण्यास उठलेल्या मुलास अडथळा नाहीं.

४. चौक. एक झोन. यांतून सर्वांचीच ये-जा.

म्हणजे झोन तेच १०, यंत्रें तींच; फक्त त्यांचे चार गट झाले.

सामाईक वाटेचा नियम

या वांटणींत अवघड भाग चौकाचा. तो दुकानाच्या ताब्यांत दिला तर माडीवरचीं माणसें अडकतात. माडीच्या ताब्यांत दिला तर दिवाणजी अडकतात. आणि कोणाच्याच ताब्यांत दिला नाहीं तर चोरास मोकळें रान मिळतें. यासाठीं सामाईक विभागाचा नियम आहे, तो ध्यानांत ठेवावा: आजूबाजूचे सर्व विभाग जागे झाले, तरच सामाईक विभाग जागा व्हावा, आणि त्यांपैकीं कोणताहि एक निजला, कीं सामाईक विभागहि निजावा. चांगल्या पेटींत हें आपोआप घडण्याची योजना करतां येते. कारागिराकडून ती करून घ्यावी, व आपल्यासमोर दोनदां पडताळून पाहावी.

आतां आजींचें काय झालें तें पाहूं. माडीवर जिन्याच्या दाराच्या आंतल्या अंगास अंक दाबण्याची पाटी बसविली. आजींस अंक लक्षांत ठेवण्याचा कंटाळा. म्हणून त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यांत एक लहान टिकली अडकवून दिली. कारागीर तीस टॅग म्हणतात. दार उघडण्यापूर्वीं ती पाटीस लावली कीं माडी निजते, व नियमाप्रमाणें तिच्याबरोबर चौकहि निजतो. दुकान व गोदाम मात्र जागेंच राहतात. पाणी तापवून आजी वर आल्या कीं पुन्हां टिकली लावतात. आजींची पहाट त्यांना परत मिळाली, व गोदामाचा पाहरा एक क्षणहि मोडला नाहीं. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत आहेत असें जें वाटत होतें, तें एका किल्लीमुळें वाटत होतें.

जें कधींच निजूं नये

कांहीं झोन कोणत्याहि विभागाच्या हुकमतींत देऊं नयेत. त्यांस अहोरात्र जागे ठेवावे. पहिला धुराचा. गोदामांत वा घरांत कापूस सांठविला असेल तर ठिणगी आंतल्या आंत धुमसत राहते व ज्वाळा दिसेपर्यंत पुष्कळ नुकसान झालेलें असतें. अशा वेळीं धुराचें यंत्र कोणी निजवून ठेविलेलें असेल तर अनर्थ. दुसरा मदतीच्या बटनाचा. दरोडा पडला किंवा म्हातारें माणूस पडलें तर तें दाबतांच घंटा वाजली पाहिजे, मग विभाग जागा असो वा निजलेला. तिसरा स्वतः पेटीच्या राखणीचा. पेटीचें झांकण उघडलें किंवा भोंगा भिंतीवरून उपटला तर वर्दी गेली पाहिजे.

तारांबद्दलहि एक सूचना. प्रत्येक झोनच्या तारेच्या अगदीं शेवटीं, म्हणजे यंत्रापाशीं, ठराविक मापाचा एक रोध जोडावयाचा असतो. त्यामुळें तार तोडली तरी पेटीस कळतें व दोन तारा एकमेकींस जोडून फसवूं पाहिलें तरीहि कळतें. आळशी कारागीर हा रोध पेटींतच बसवून टाकतो. तसें केल्यास बाहेर कोणी तारा जोडून दिल्या तरी पेटी स्वस्थ राहते. काम पुरें झाल्यावर रोध कोठें बसविला, हें झांकण उघडून दाखविण्यास सांगावें.

अंकांची वांटणी

विभाग पाडले पण अंक सर्वांस एकच दिला, तर सर्व श्रम व्यर्थ. प्रत्येक माणसास स्वतंत्र अंक असावा, व त्या अंकानें त्याच्या विभागापुरतेंच दार उघडावें. दिवाणजींच्या अंकानें दुकान निजेल, गोदाम निजणार नाहीं. यांत दिवाणजींवर अविश्वास आहे असें कोणी समजूं नये. उलट, गोदामांत कांहीं कमीजास्त झाल्यास त्यांच्याकडे बोट दाखवितां येत नाहीं, हा त्यांचाच लाभ आहे. पेटी प्रत्येक अंकाची वेळ नोंदून ठेवते. ही नोंद महिन्यांतून एकदां पाहावी. हंगामापुरत्या माणसास द्यावयाचा अंक ठराविक तारखेस आपोआप रद्द होईल असा द्यावा, व मनुष्य काम सोडून गेला कीं त्याच दिवशीं त्याचा अंक काढून टाकावा. मुख्य अंक, ज्यानें सर्व अधिकार बदलतां येतात, तो घरांतील दोन माणसांस ठाऊक असावा. एकासच असूं नये, कारण तो एक गांवाला गेला असतां अडचण होते.

शेतावरील विभाग

शहरांतील घरावरून आतां शेतावर येऊं. ज्यांनीं मचाणावर बसून जागल केली आहे त्यांस विभागाची कल्पना समजावून सांगावी लागत नाहीं. शेजारशेजारच्या शेतांतील जागले आपआपला धुरा राखतात व अधूनमधून एकमेकांस हांक देतात. एकास डुलकी लागली तर त्याचें शेत उघडें पडतें, सारें शिवार पडत नाहीं. हांकेच्या दिशेवरून डुकरें कोणत्या बाजूनें शिरलीं हेंहि कळतें. यंत्रांची मांडणी अशीच असावी.

वर सांगितलेल्या कुटुंबाच्या बगीच्यांत आतां तीन विभाग आहेत. पहिला, सालदाराचें घर व गुरांचा कोठा. दुसरा, विहीर व मोटर. तिसरा, बगीचा व त्याचें कुंपण. विहिरीचा विभाग स्वतंत्र कां, हें प्रत्येक ओलितकऱ्यास ठाऊक आहे. शेतीच्या वाहिनीवर वीज ठराविक तासच येते, व पुष्कळ ठिकाणीं तिची पाळी रात्रीं असते. मध्यरात्रीं मोटर सुरू करावयास जाणाऱ्यानें सारी घंटा निजविली, तर त्याच घटकेस बगीच्याची दुसरी बाजू उघडी पडते. विहीर वेगळी असली म्हणजे तेवढीच निजवून काम करतां येतें. मोटरीच्या केबलेसोबत बारीक दोनतारी नेऊन तिच्या शेवटीं वर सांगितलेला रोध जोडला, तर केबल कापतांच वर्दी मिळते. मग मुख्य वाहिनीवर वीज असो वा नसो.

बगीच्याच्या विभागाची वेळ हंगामाप्रमाणें बदलते. आंबिया बहाराचीं फळें दसऱ्या-दिवाळीपासून तोडणीस येतात व मृग बहाराचीं माघ-फाल्गुनांत. त्या दिवसांत राखण कडक असावी. फळें झाडावर असतांनाच व्यापाऱ्यास विकण्याची आपल्याकडे चाल आहे. असा सौदा झाला कीं तोडणीचीं माणसें व्यापाऱ्याचीं येतात. त्यांच्या मुकादमास बगीच्यापुरता, तोडणीच्या शेवटच्या तारखेपर्यंतचा अंक द्यावा. विहीर व सालदाराचें घर यांशीं त्याचा संबंध नसावा. तोटा झाल्यास कोणाच्या ताब्यांत काय होतें, हा वाद मग उरत नाहीं.

कुंपणाबद्दल स्वतंत्र इशारा देणें जरूर आहे. रानडुकरें व रोही यांच्या बंदोबस्तासाठीं जें सौर झटका यंत्र वापरतात तें सेकंदास सुमारें एक याप्रमाणें अत्यल्प काळाचे ठोके देतें. त्यानें जनावर बिचकतें, मरत नाहीं. घरची वा मोटरीची वीज सरळ तारेंत सोडणें हा गुन्हा असून, अशा तारांनीं विदर्भांत माणसांचे, गुरांचे व वाघांचेहि प्राण गेले आहेत. तो मार्ग कोणीहि धरूं नये. आतां विभागांसंबंधीं. घंटेचे विभाग पाडले म्हणून एकाच कुंपणावर दोन झटका यंत्रें लावूं नयेत. दोहोंचे ठोके जुळत नाहींत व तारेस हात लागलेल्या माणसास दुप्पट वेळां झटका बसतो. दोन यंत्रांचीं दोन स्वतंत्र कुंपणें असलींच, तर त्यांच्या तारांत निदान अडीच मीटर अंतर ठेवावें. बरें तें हें कीं, यंत्र एकच ठेवून कुंपणाचे भाग तोडपट्टीच्या खटक्यांनीं वेगळे करावे, व प्रत्येक भागाच्या शेवटीं दाब मोजणारें साधन लावून त्याची वर्दी निराळ्या झोनवर घ्यावी. मग पश्चिमेच्या धुऱ्यावर वेल चढून दाब उतरला, तर तेवढाच भाग तोडून साफ करतां येतो. बाकीचें कुंपण चालू राहतें.

खोट्या हांका व त्यांचे उपाय

घंटा उगीच वाजूं लागली कीं माणसें तिला निजवितात. म्हणून खोटी हांक हा चोराइतकाच शत्रु समजावा. हालचालीचें यंत्र वस्तुतः उष्णतेंतील फरक ओळखतें. माणसाचें अंग भिंतीपेक्षां उष्ण, तें पुढून सरकलें कीं यंत्रास कळतें. नागपूरकडे वैशाखांत उन्हाचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हां टिनाच्या गोदामांत भिंती व माणूस यांच्या उष्णतेंत फरक फारसा उरत नाहीं व यंत्र आंधळें होतें. उलट, तापलेलें टिन व गरम वाऱ्याची झुळूक यांनीं तें उगीचहि हांक मारतें. म्हणून टिनाच्या गोदामांत मुख्य भिस्त दारांवरील चुंबकी यंत्रावर ठेवावी. या यंत्रांत दाराच्या फळीवर लहान चुंबक असतो व चौकटीवर कांचेच्या नळींतील दोन पातळ पात्या. दार मिटलें असतां पात्या चिकटतात, उघडतांच सुटतात. त्यास ऊन बाधत नाहीं. गोदामांत मांजर पाळलें असेल, किंवा उंदीर पोत्यांवर नाचत असतील, तर हालचालीचें यंत्र उंच व तिरपें लावून त्याची खालची नजर झांकावी.

वीज गेल्यावर बॅटरी किती पुरेल, याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा. समजा, पेटी व यंत्रें मिळून अखंड ०.२ अँपिअर घेतात व बॅटरी ७ अँपिअर-तासांची आहे. तर गणितानें ३५ तास निघतात. परंतु जुनी होत जाणारी बॅटरी, उष्णता व भोंग्याचा खर्च धरून दोनतृतीयांशावरच विसंबावें, म्हणजे सुमारें २३ तास. शेतावर वीज याहून अधिक वेळ जात असेल तर मोठी बॅटरी किंवा सौर पाटी घ्यावी.

महिन्यांतून एक दिवस ठरवून, अमावास्या धरली तरी चालेल, प्रत्येक विभाग एकएक करून जागा करावा, त्याचें प्रत्येक दार उघडून पाहावें, व मोबाईलवर येणाऱ्या वर्दींत विभागाचें नांव बरोबर येतें कीं नाहीं तें तपासावें. 'विभाग २' अशी वर्दी मध्यरात्रीं कोणास उमगत नाहीं. 'गोदाम, मागचें दार' असें स्पष्ट नांव घालून घ्यावें. एका विभागाची चांचणी चालू असतां दुसरा विभाग आपोआप निजत नाहीं ना, हेंहि पाहावें; हा दोष कागदावर दिसत नाहीं, वाजवून पाहिल्यावरच दिसतो.

अतिरेक नको

शेवटीं एक सावधगिरी. विभाग उपयोगी म्हणून ते वाढवीत जाऊं नये. जितक्या निराळ्या वहिवाटी तितकेच विभाग पुरे. लहान कुटुंब, एक दार, एकच माणूस सर्व व्यवहार पाहणारा, अशा ठिकाणीं दोन विभाग बस्स: राहण्याची जागा एक, व माल ठेवण्याची दुसरी. फार विभाग केले तर रोज रात्रीं कोणता जागा केला व कोणता राहिला याचा घोळ होतो, आणि घोळांतून पुन्हां तीच जुनी खोड लागते, सगळेंच निजविण्याची. यंत्र घेतांना मात्र पुढचा विचार करून, आज लागतात त्याहून दोनचार विभाग अधिक पाडतां येतील अशी पेटी घ्यावी. घर वाढतें, भाऊ वेगळे होतात, नवीन गोदाम बांधलें जातें. त्या वेळीं पेटी बदलण्याचा खर्च वांचतो.

तात्पर्य, राखणीचें साधन तेंच टिकतें कीं जें घरच्या माणसांच्या रोजच्या चालीस अडथळा करीत नाहीं. ज्या घंटेमुळें घरच्या आजीस चोरासारखें वाटतें, ती घंटा त्या घरांत फार दिवस वाजणार नाहीं. आणि ती मुकी झाली कीं तुरीचीं पोतीं उघडीं पडलींच. प्रथम माणसांच्या चाली लिहून काढाव्या, त्याप्रमाणें विभाग पाडावे, आणि मग कारागिरास बोलवावें. सदर येथील त्या घरीं आम्ही अलीकडे पहाटे उतरलों होतों. जिन्याच्या दारापाशीं आजींच्या जुडग्याचा खुळखुळ ऐकूं आला, पाटीवरील हिरवा दिवा लागला, आणि चौकांत चुलीचा धूर दिसूं लागला. गोदामाच्या दारावरील तांबडा दिवा मात्र तसाच जळत होता.

ज्या वाचकांनीं आपल्या घरीं वा शेतावर अशी वांटणी केली असेल, त्यांनीं आपला अनुभव, विशेषतः कोठें चुकलें तें, आम्हांस अवश्य लिहून कळवावें. एकाची चूक इतरांच्या उपयोगीं पडते.